स्वस्त गोडाला बुरशी का येत नाही?

कपाटाच्या कोपऱ्यात विसरलेली कडक गोळी वर्षभराने सापडते, आणि चवीत फारसा फरक नसतो. "काय काय केमिकल घालत असतील!" ही यावरची ठरलेली प्रतिक्रिया. पण वेष्टनावरची यादी वाचली तर आरोप करायला फार काही सापडत नाही. साखर, ग्लुकोज सिरप, सायट्रिक आम्ल, रंग, स्वाद. परिरक्षक, म्हणजे अन्न टिकवणारा पदार्थ, बहुधा नसतोच, कारण त्याची गरज पडत नाही.

पदार्थात एकूण पाणी किती, यापेक्षा त्यातलं किती पाणी जंतूंना वापरता येतं हे महत्त्वाचं. ऑस्ट्रेलियातले सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ विल्यम जेम्स स्कॉट यांनी १९५०च्या दशकात हे नेमकेपणाने दाखवलं. या मापाला वॉटर ॲक्टिव्हिटी म्हणतात. शुद्ध पाण्याची ती १ धरतात. ०.९१च्या खाली बहुतेक जिवाणूंची वाढ थांबते, ०.८च्या खाली बहुतेक बुरशांची. झीरोमायसिस बायस्पोरस ही भलतीच चिवट बुरशी ०.६१पर्यंत तग धरते, पण ०.६च्या खाली अन्न सूक्ष्मजीवांमुळे नासत नाही असंच धरून चालतात. कडक गोळीत पाणी जेमतेम दोन-तीन टक्के आणि वॉटर ॲक्टिव्हिटी ०.३च्या आसपास. तिच्यावर पडलेल्या जंतूला पाणी मिळणं दूरच, साखर त्याच्याच पेशीतलं पाणी ओढून घेते.

दुसरं कारण मला जास्त मोहक वाटतं. गोळीचा पाक सुमारे १५० अंश सेल्सियसपर्यंत उकळतात आणि झटकन थंड करतात. साखरेच्या रेणूंना रांगेत लागून स्फटिक बनवायला वेळच मिळत नाही. आहेत त्या गोंधळात ते गोठतात. अशा घनाला भौतिकशास्त्रात काच म्हणतात, आणि कडक गोळी ही शब्दशः काच आहे. ग्लुकोज सिरपमधले वेगवेगळ्या लांबीचे रेणू मध्ये लुडबुड करून स्फटिक होऊ देत नाहीत. रेणू हलूच शकत नसल्याने रासायनिक बदलही अतिशय मंद होतात.

या काचेचा वैरी म्हणजे दमट हवा. पृष्ठभागाने थोडं पाणी शोषलं की तिथले रेणू मोकळे होतात आणि गोळी चिकट होते. पुढे साखरेचे स्फटिक बनून ती पांढुरकी, भुसभुशीत होते. नासणं याला म्हणता येणार नाही. पावाच्या वेष्टनाला आतला ओलावा आत ठेवायचा असतो, गोळीच्या वेष्टनाला बाहेरचा बाहेर.

आता स्वस्तपणाचा मुद्दा. मिठाईत जे महाग असतं, तेच बहुधा लवकर बिघडतं: दूध, लोणी, अंडी, सुकामेवा, फळांचा रस. खर्च कापायला कारखानदार हेच घटक काढतो आणि बिघडण्याची कारणंही त्यांच्याबरोबर जातात. रसाच्या जागी आम्ल आणि स्वाद येतात, लोण्याच्या जागी वनस्पतिजन्य चरबी. असंतृप्त चरबीतल्या, म्हणजे बहुधा पातळ तेलांतल्या, कार्बन अणूंमधल्या दुहेरी बंधांशी ऑक्सिजनची क्रिया होऊन तिला खवट वास येतो. विल्हेल्म नॉर्मान या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने तेलात हायड्रोजन घालून हे बंध कमी करण्याच्या पद्धतीचं पेटंट १९०२मध्ये घेतलं. त्यातून टिकाऊ घट्ट चरबी मिळाली, आणि अर्धवट हायड्रोजनीकरणातून ट्रान्स फॅटही. हृदयविकाराशी असलेल्या त्याच्या संबंधामुळे ते अन्नातून हटवण्याचं आवाहन जागतिक आरोग्य संघटनेने २०१८मध्ये केलं. टिकाऊपणाबद्दल तक्रार करायचीच असेल तर ती इथे करावी. गोळीतली साखर-काच त्या बाबतीत निर्दोष आहे.

मऊ केकची गोष्ट वेगळी. त्याला ओलसर राहायचं असतं आणि बुरशीही नको असते, म्हणून तिथे परिरक्षक खरोखरच लागतात. सॉर्बिक आम्ल बुरशी रोखतं, ग्लिसरॉलसारखे घटक पाणी धरून ठेवतात. अमेरिकेतल्या ट्विंकी या केकबद्दल तो अमर असल्याची दंतकथा आहे. तिथल्या मेन राज्यातल्या ब्लू हिल गावच्या एका शाळेत १९७६पासून ठेवलेली ट्विंकी तिला खतपाणी घालते. प्रत्यक्षात कंपनी सांगते ती मुदत काही आठवड्यांचीच. २०१२मध्ये घेतलेल्या काही ट्विंकी २०२०मध्ये वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठात तपासल्या, तेव्हा बुरशी तिथे पोहोचून गेल्याचं दिसलं.

एक गल्लत मात्र टाळायला हवी. कमी पाण्यात जंतू वाढत नाहीत, पण मरतातच असं नाही. साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जिवाणू चॉकलेटमध्ये महिनोन्महिने निपचित राहू शकतो, आणि चॉकलेटमधली चरबी त्याला जठरातल्या आम्लापासून वाचवते. म्हणून थोडेसे जंतूही आजारी पाडायला पुरतात. १९७३-७४मध्ये अमेरिका आणि कॅनडात चॉकलेटमधून अशी साथ पसरली. २०२२मध्ये बेल्जियममधल्या एका कारखान्यातल्या चॉकलेटमुळे युरोपात. दोन्ही वेळी चॉकलेट दिसायला आणि चवीला अगदी नेहमीसारखंच होतं.