टपावरची चार कुलपं, किल्ली एक

गाडीच्या टपावर रूफ रॅक बसवला की त्याच्या चार पायांना चार कुलपं येतात. वर सामानाची पेटी चढवली की आणखी एक-दोन, सायकलचा स्टँड आला की अजून एक. या वस्तू कुणी एका दिवशी घेत नाही, त्यामुळे प्रत्येकीची किल्ली निराळी. भर पावसात टाचा उंचावून जुडग्यातली नेमकी किल्ली चाचपत बसायचं, हा प्रकार वैतागवाणाच. यावर रॅक बनवणाऱ्यांनीच उपाय काढला आहे. स्वीडनची थुले त्याला ‘वन-की’ म्हणते, तर अमेरिकेची याकिमा ‘सेम की सिस्टिम’. (थुलेचा 1942 सालचा पहिला माल म्हणजे मासे पकडायचा सापळा. टपावरचे रॅक तिने साठच्या दशकात सुरू केले.)

उपाय असा, की कुलपाचं घर, म्हणजे बाहेरचं कवच, जिथल्या तिथे राहतं आणि फक्त आतला गाभा बदलतो. हे जमतं कसं ते कळायला गाभा हातात घेऊन बघावा लागतो.

करंगळीच्या पेराएवढा हा धातूचा दंडगोल. त्याला आडव्या फटी पाडलेल्या असतात आणि प्रत्येक फटीत एक पातळ पितळी पत्ती बसते. पत्तीच्या मधोमध चौकोनी खिडकी असते. सगळ्या पत्त्यांची बाहेरची उंची सारखीच, पण खिडकी कुणाची जरा वर, कुणाची जरा खाली. एका पायरीत आणि पुढच्या पायरीत फरक असतो साधारण अर्ध्या मिलिमीटरचा. किल्ली या खिडक्यांमधून आरपार जाते. किल्ली नसते तेव्हा बारीक स्प्रिंग प्रत्येक पत्तीला एका बाजूला ढकलते, पत्तीचं टोक गाभ्याबाहेर येऊन घराच्या खाचेत शिरतं आणि गाभा फिरत नाही. योग्य किल्ली घातली की तिच्या दात्यांमुळे सगळ्या पत्त्या एकदम गाभ्याच्या आत सपाट होतात. दाता जरा उंच असला तर पत्ती उलट बाजूने बाहेर येते, आणि मग तिथे अडते. टेबलाचा ड्रॉवर, ऑफिसातलं कपाट, टपालपेटी या सगळ्यांत बहुतेक हीच रचना सापडेल. अमेरिकेत तिचं पेटंट 1868 इतकं जुनं आहे.

आता गाभ्याच्या शेपटाकडे पाहा. तिथे आणखी एक पत्ती असते, जिचा किल्लीच्या क्रमांकाशी, म्हणजे तिच्या दात्यांच्या नमुन्याशी, काही संबंध नाही. ती घराच्या आतल्या कडेला अडकून गाभा बाहेर निसटू देत नाही. रोजची किल्ली तिला हलवत नाही. तिला आत ओढते ती वेगळी किल्ली, म्हणजे कंट्रोल की किंवा चेंज की. कुलूप उघड्या स्थितीत आणायचं, ही किल्ली पूर्ण आत सारायची आणि सरळ ओढायची, की किल्लीसकट गाभा हातात येतो. बाकीच्या पत्त्या तेव्हा बाहेर डोकावत असल्या तरी बिघडत नाही, कारण त्यांची खाच घरात लांबीच्या दिशेने गेलेली असते. ती फिरणं रोखते, सरकणं रोखत नाही. म्हणूनच एकच कंट्रोल की त्या कंपनीच्या कुठल्याही क्रमांकाच्या गाभ्याला चालते. नवा गाभा तिच्यावरच चढवून आत बसवायचा आणि किल्ली काढून घ्यायची. चार कुलपांचं काम दहा मिनिटांत उरकतं. अट एवढीच की सगळे गाभे एकाच कंपनीचे हवेत. थुलेचा गाभा याकिमात बसत नाही.

कंपन्या वेगवेगळ्या असतील तर कोपऱ्यावरच्या चावीवाल्याकडे एक जुनी युक्ती आहे. हवी ती किल्ली गाभ्यात घालायची आणि ज्या पत्त्या बाहेर डोकावतील त्या कानशीने घासून सपाट करायच्या. मुळात किल्ली आत गेली पाहिजे, म्हणजे तिच्या अंगावरची लांबट खाच गाभ्याच्या तोंडाशी जुळली पाहिजे, हे गृहीत आहे. घासलेल्या पत्तीची अडवण्याची ताकद मात्र तेवढी कमी होते. काही जण तर नको ती पत्ती काढूनच टाकतात. पाच पत्त्या आणि प्रत्येकीच्या पाच पायऱ्या धरल्या तर कागदावर 3125 किल्ल्या होतात. एक पत्ती काढली की उरतात 625, दोन काढल्या की 125. पत्त्यांची अदलाबदल करून किल्ली जुळवणारा कारागीर मिळाला तर त्याला दोन पैसे जास्त द्यावेत, कारण त्याच्या हातून हे नुकसान होत नाही.

सगळ्यांना एकच किल्ली म्हणजे सुरक्षितता पातळ झाली, असं पुष्कळांना वाटतं. मला ते पटत नाही. हॉटेलातल्या मास्टर कीचा मामला निराळा. तिथे एकाच कुलपात दोन वेगळ्या किल्ल्या चालाव्या लागतात, म्हणून प्रत्येक पिनेला (तिथे पत्तीच्या जागी असलेल्या बारीक दांडीला) दोन ठिकाणी कापतात आणि त्यातून न मागितलेल्या किल्ल्याही चालू लागतात. सहा पिनांचं असं कुलूप 64 किल्ल्यांनी उघडू शकतं. रॅकच्या कुलपात तसं काही होत नाही. प्रत्येक गाभा आधी जितका चोखंदळ होता तितकाच राहतो.

खरी मर्यादा वेगळीच आहे. कागदावर किल्ल्या हजारो होत असल्या तरी कंपन्या त्यातल्या काही शेच वापरतात. 200 प्रकार धरून गणित करा: एकाच कंपनीचे रॅक असलेल्या 17 गाड्या जमल्या, की त्यातल्या कुठल्यातरी दोघांची किल्ली एकच असण्याची शक्यता निम्म्याहून थोडी जास्त होते. शिवाय रॅकच्या पायात कुलूप धरून ठेवतं ते काय, तर ॲलन बोल्टवरचं एक झाकण, आणि ते झाकण बऱ्याचदा प्लास्टिकचं. पक्क्या तयारीने आलेल्या चोराला पान्याची पट्टी पुरते. हे कुलूप आहे ते जाता जाता हात मारणाऱ्यासाठी. त्याला एका किल्लीचं असो की चार किल्ल्यांचं, फरक पडत नाही.

फरक पडतो तो कुलपाच्या तोंडावर कोरलेल्या क्रमांकाने. थुलेच्या कुलपांवर एन हे अक्षर आणि तीन आकडे असतात. किल्ली हरवली तर तेवढ्यावरून नवी मागवता येते. अर्थात तो आकडा वाचणाऱ्या दुसऱ्या कुणालाही मागवता येते. तेव्हा क्रमांक घरी लिहून ठेवावा आणि कुलपावरचा मार्करने काळा करावा. कंट्रोल की गाडीच्या डॅशबोर्डमध्ये टाकू नये. आणि कुलूप जड फिरायला लागलं तर खोबरेल किंवा शिवणयंत्राचं तेल सोडू नये, त्यावर टपावरची धूळ चिकटून पत्त्या आणखी अडतात. ग्रॅफाइटची चिमूटभर पूड किल्लीला लावून चार-पाच वेळा आतबाहेर केली की काम होतं.