सिक्लिड-पालन, आफ्रिकी

पूर्व आफ्रिकेतील मलावी, टांगानिका व व्हिक्टोरिया या सरोवरांतील सिक्लिड-कुलातले मासे घरच्या काचेच्या टाकीत पाळणे. इंदुरात मुख्यतः मलावीचे मबुना (खडकाळ किनाऱ्यावरचे) आणि पीकॉक (ऑलोनोकारा प्रजाती) पाळतात.

कुलाच्या उगमाबद्दल मतभेद आहेत. हे मासे आफ्रिका, अमेरिका, मादागास्कर, दक्षिण भारत व श्रीलंका येथे आढळतात. केरळचा करिमीन याच कुलातला. यावरून गोंडवन हा दक्षिणेकडील प्राचीन महाखंड फुटताना ते विखुरले, असे एक मत आहे. परंतु मादागास्कर व भारत सु. ९ कोटी वर्षांपूर्वी विलग झाले, तर टांझानियातील महेंगे येथील जीवाश्म सु. ४.६ कोटी वर्षांचेच आहेत. जीवाश्म व जनुके एकत्र तपासणाऱ्या २०१३ मधील अभ्यासाने कुलाचा उगम या विभाजनानंतरचा मानला. म्हणजे पूर्वजांनी समुद्र ओलांडला असावा. काही जाती मचूळ व खाऱ्या पाण्यातही जगतात, हे पाहता हे मत अधिक ग्राह्य वाटते.

मलावीचे पाणी अल्कधर्मी (पीएच, म्हणजे आम्ल-अल्कतेचे माप, सु. ७.७ ते ८.६) असते, मात्र समजतात तितके जड (क्षारयुक्त) नसते; टांगानिकाचा पीएच ९ च्या आसपास जातो. माळव्याच्या बेसाल्टातून येणारे बोरिंगचे पाणी बहुधा जड व बायकार्बोनेटयुक्त असल्याने पीएच स्थिर राखायला सोयीचे ठरते. शहरात १९७८ पासून नळाने नर्मदेचे पाणीही येते. नळाच्या पाण्यातील क्लोरीन आधी सोडियम थायोसल्फेटने घालवावे. स्थानिक काळा दगड कपारी रचायला उत्तम, पण त्याने पीएच फारसा वाढत नाही; त्यासाठी संगमरवराची किंवा प्रवाळाची चुरी लागते. पीएच व तापमान चढले की अमोनिया अधिक विषारी होतो, आणि उन्हाळ्यात पाण्यात प्राणवायूही कमी विरघळतो. म्हणून फिल्टरमध्ये अमोनिया पचवणारे उपयुक्त जीवाणू वाढल्यावरच मासे सोडावेत. मे महिन्यात वीज गेली, तर बॅटरीवर चालणारा हवेचा पंप हाताशी हवा.

मबुना दगडावरचे शेवाळ खरवडून खातात; त्यांना मांसल खाद्य बेतानेच द्यावे.

मलावीच्या बहुतेक जातींची मादी अंडी व पिल्ले सु. तीन आठवडे तोंडात सांभाळते. नराच्या खालच्या परावरील अंड्यासारखे ठिपके तिला फलनासाठी जवळ ओढतात, ही प्राणिशास्त्रज्ञ वोल्फगांग विकलर यांची १९६२ मधील उपपत्ती. पुढील प्रयोगांनी तिला अंशतःच दुजोरा दिला. एकाच टाकीतल्या निरनिराळ्या पीकॉक जातींचा सहज संकर होतो. अशी पिल्ले शुद्ध जातीच्या नावाने देऊ नयेत.

नकोसे झालेले मासे इंदूरच्या सिरपूर तलावात किंवा यशवंत सागरात मुळीच सोडू नयेत. १९५२ मध्ये भारतात आणलेला मोझांबिक तिलापिया हाही आफ्रिकी सिक्लिडच. तो देशभरच्या जलाशयांत पसरून स्थानिक माशांना जड गेला आहे.