लाइट आली, पण स्पीकर उठला नाही

वादळात रात्रभर लाइट नसते, पहाटे येते. पंखा फिरू लागतो, फ्रिज सुरू होतो, पण ओटीवरचा ब्लूटूथ स्पीकर मात्र गप्प. निदान ठरलेलं असतं: लाइट येताना झटका आला, बोर्ड जळलं. रत्नागिरीपासून वेंगुर्ल्यापर्यंत पावसाळ्यात हे निदान सर्रास ऐकू येतं आणि गणपतीच्या तोंडावर नवा स्पीकर घेतला जातो. यातल्या बऱ्याच स्पीकरांत काहीच जळलेलं नसतं. त्यांना फक्त सुरू होता येत नसतं.

प्लगवर चालणाऱ्या वायरलेस स्पीकरच्या पोटात एक छोटा एसएमपीएस (घरातली वीज कमी व्होल्टच्या डीसीत बदलणारा सप्लाय) असतो. घरातल्या २३० व्होल्ट एसीचे त्यात आधी सुमारे ३२५ व्होल्ट डीसी होतात. एक आयसी (चिप) हा डीसी सेकंदाला साधारण ६५ हजार वेळा चालू-बंद करतो आणि चिमुकल्या फेराइट ट्रान्सफॉर्मरमधून १२ किंवा १८ व्होल्ट काढतो. पण त्या आयसीला स्वतःला वीज कुठून मिळते? सगळी गंमत इथेच आहे.

ट्रान्सफॉर्मरवर आयसीसाठी एक वेगळं वेटोळं असतं, पण त्यात वीज येते ती आयसी चालू झाल्यावरच. विहिरीवरच्या पंपात आधी वरून पाणी ओतावं लागतं, तसंच हे. ते ओतण्याचं काम दोन सुटे भाग करतात: ३२५ व्होल्टला जोडलेला १ ते २ मेगाओहमचा रेझिस्टर, आणि आयसीच्या सप्लाय पिनजवळचा (त्याला वीज मिळते त्या पायाजवळचा) २२ मायक्रोफॅरडचा छोटा कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारा भाग. २ मेगाओहममधून मिळतात जेमतेम १६० मायक्रोअँपिअर. त्यावर कपॅसिटर दोनेक सेकंदांत १६ व्होल्टपर्यंत चढतो आणि आयसी जागा होतो. (आकडे आयसीप्रमाणे बदलतात, पण १६ ला जाग आणि १० ला झोप ही जोडी नेहमीची.) जाग येताच तो समजा ३ मिलिअँपिअर ओढू लागतो, म्हणजे रेझिस्टर देतो त्याच्या जवळजवळ वीसपट. वेटोळं सूत्रं हाती घेईपर्यंत आयसीला एकट्या कपॅसिटरवर तगायचं असतं. १६ वरून १० व्होल्टपर्यंत उतरायला २२ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर सुमारे ४४ मिलिसेकंद घेतो. वेटोळ्याला पुरेसे व्होल्ट यायला १०-२० मिलिसेकंद लागले, तरी निभावतं. आता हाच कपॅसिटर सुकून २ मायक्रोफॅरडवर आला, तर वेळ मिळतो फक्त ४ मिलिसेकंद. आयसी झोपतो, कपॅसिटर पुन्हा भरतो, आयसी पुन्हा उठतो. कान लावला तर बारीक टिकटिक ऐकू येते, किंवा दिवा लुकलुकतो.

एकदा वेटोळं चालू झालं की या कपॅसिटरवर फारसा भार उरत नाही. म्हणून स्पीकर स्टँडबायवर महिनोनमहिने ठीक दिसतो, आणि लाइट एकदाच जाऊन आली की उघडा पडतो. झटक्याने तो मेला नाही. कपॅसिटर आधीच सुकला होता, सुरू होण्याची वेळ आली नव्हती इतकंच. त्याच्या आतला द्रव बुडाच्या रबरातून हळूहळू उडतो. तापमान १० अंशांनी वाढलं की आयुष्य साधारण निम्मं होतं, आणि कंपन्या त्याला बऱ्याचदा गरम हीटसिंकला (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पट्टीला) खेटूनच बसवतात.

किनाऱ्यावर दुसरा शत्रू आहे खारा वारा. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की बोर्डावर साचलेलं मीठ पाणी ओढून घेतं आणि वीज वाहून नेऊ लागतं. सप्लाय पिन आणि ग्राउंड यांच्यात १०० किलोओहमची गळती झाली, तरी १६ व्होल्टला १६० मायक्रोअँपिअर गळतात, म्हणजे रेझिस्टरची सगळी मिळकत. असा स्पीकर कडक उन्हाच्या दिवशी आपोआप चालतो आणि पाऊस लागला की पुन्हा बंद. तांदळाच्या डब्यात ठेवण्याचा उपाय इथे निरर्थक आहे. ओल थोडीफार गेली तरी मीठ जागेवरच राहतं. मीठ धुवावंच लागतं, आणि तेही आधी पाण्याने, कारण आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये ते नीट विरघळत नाही. इन्व्हर्टरच्या बॅटरीचं डिस्टिल्ड वॉटर ब्रशने लावून पुसायचं, मग ९९ टक्के आयसोप्रोपिलने ते पाणी काढायचं आणि बोर्ड उन्हात पूर्ण वाळवायचं. भागांभोवतीचा पिवळा गोंद तपकिरी झाला असेल तर खरवडून काढावा, जुना झाल्यावर तोही वीज वाहतो.

उघडण्याआधी प्लग काढा. तरीही ते ३२५ व्होल्ट साठवणाऱ्या मोठ्या, ४०० व्होल्टच्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा चार्ज उरलेला असू शकतो. १० किलोओहम, ५ वॉटच्या रेझिस्टरने तो उतरवा आणि मीटरने खात्री करा. या कामाचा सराव नसेल तर इथेच थांबून कारागिराकडे द्या.

फ्यूज काळा पडून उडाला असेल तर मात्र झटका किंवा शॉर्ट खरा: व्हॅरिस्टर (जादा व्होल्ट झेलणारा), ब्रिज (एसीचा डीसी करणारा), मॉसफेट (डीसी चालू-बंद करणारा स्विच) तपासा. फ्यूजच्या जागी तार कधीही बांधू नका. फ्यूज शाबूत असेल तर ६० वॉटचा जुना फिलामेंटचा बल्ब सिरीजमध्ये लावून सप्लाय द्या (एलईडी बल्ब चालत नाही). बल्ब क्षणभर उजळून विझला तर शॉर्ट नाही. मग मीटरची काळी पिन मोठ्या कपॅसिटरच्या ऋण टोकावर, आउटपुटच्या ग्राउंडवर नव्हे, आणि लाल पिन आयसीच्या सप्लायवर. आकडा १० ते १६ मध्ये नाचत असेल तर संशय छोट्या कपॅसिटरवर, खाली एकाच जागी अडकला असेल तर गळतीवर.

कपॅसिटर पाच-दहा रुपयांना मिळतो. नवा घेताना मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्ट तेवढे किंवा जास्त (५० चालतात), १०५ अंशांचा आणि लो-ईएसआर (आतला रोध कमी असलेला) घ्या. पट्टा असलेली बाजू ऋण. आउटपुटचा फुगलेला कपॅसिटरही त्याच बैठकीत बदला. शेवटी कनेक्टर वगळून बोर्डावर अ‍ॅक्रिलिक लॅकरचा पातळ थर द्या.

अ‍ॅम्प्लिफायरची वायर काढून ठेवून आउटपुट मोजा. १२ व्होल्ट स्थिर असतील तर वायर जोडा. जोडताच व्होल्ट कोसळले आणि बल्ब पेटला, तर सप्लाय बहुधा ठीक आहे. दोष आधी अ‍ॅम्प्लिफायरच्या बाजूला शोधा.