मोहिमेच्या ट्रकचा बंपर : दबण्यास नकार देणाऱ्या पोलादाची पार्श्वभूमी

दुर्गम मुलखात महिनोन्‌महिने फिरण्यासाठी सज्ज केलेल्या ट्रकला खास त्याच्याच मापाचा बंपर घडवून बसवणे आता सर्रास चालते. असा बंपर पाहिला की तो मोटारीच्या बंपरचाच जाडजूड भाऊ असावा असे सहज वाटते. पण त्याची वंशावळ शोधू गेल्यास ती प्रवासी मोटारीकडे जात नाही. लष्करी वाहने, विंच (अडकलेले वाहन तारेने ओढून काढणारे यंत्र) आणि जनावरांचा वावर असलेले निर्जन, लांबच लांब रस्ते हे त्याचे खरे पूर्वज आहेत, आणि कारखान्यातून येणाऱ्या बंपरशी त्याचे जे पटत नाही त्याचे मूळही तेथेच आहे.

मोटारीच्या बंपरची कथा लवकर सांगून होते. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत दिवे आणि रेडिएटर वाचवण्यासाठी लवचिक पोलादी पट्ट्या लावल्या जात; पुढे त्यांवर क्रोमचा मुलामा चढला आणि संरक्षणापेक्षा शोभेला महत्त्व आले. अमेरिकेत १९७३ च्या मॉडेलांपासून, ताशी ५ मैल वेगाने समोरून धडक बसली तरी दिव्यांसारखे सुरक्षेशी संबंधित भाग शाबूत राहिले पाहिजेत, असा नियम लागू झाला आणि बंपरमागे धक्का शोषणारी यंत्रणा बसू लागली. त्यानंतर प्लॅस्टिकचे आवरण, आत फोम आणि त्यामागे चेपणारे आधार ही रचना रूढ झाली. एअरबॅग आल्यावर तर गाडीचे नाक किती वेळात किती दबते, याच्याशी एअरबॅग उघडण्याचा क्षण जोडला गेला. मोटारीचा बंपर असा हळूहळू दबायला शिकत गेला.

दुसऱ्या महायुद्धातील वाहनांचा बंपर मात्र वेगळ्या कामासाठी होता. १९४१ पासून बनलेल्या विलीज एमबी जीपचा पुढचा बंपर म्हणजे चॅसिसच्या, म्हणजे वाहनाच्या खालच्या सांगाड्याच्या, दोन्ही दांड्यांच्या टोकांना बोल्टने जोडलेला सरळसाधा पोलादी चॅनेल होता. त्यावर लष्करी तुकडीची अक्षरे रंगवलेली असत आणि गरज पडल्यास त्याच बंपरने पुढचे वाहन ढकलले जाई. युरोपात शत्रूने रस्त्यावर आडव्या ताणलेल्या तारांमुळे उघड्या जीपमधील सैनिकांच्या मानेला धोका निर्माण झाला, तेव्हा याच चॅनेलवर तार तोडणारी उभी लोखंडी पट्टी वेल्डिंग करून बसवली गेली. प्रत्यक्ष गरज ओळखून छावणीतल्या दुरुस्तीखान्यात केलेली ही जोड आजच्या कारागिरीची आजी म्हणता येईल.

याहून महत्त्वाचा वारसा विंचचा आहे. डॉजच्या पाऊण टनी डब्ल्यूसी-५२ या ट्रकची चॅसिस पुढे वाढवून तिच्यावर विंच बसवलेले असे आणि बंपर त्याच्याही पुढे जाई. विंचला शक्ती इंजिनाकडून गिअरबॉक्समार्गे एका फिरणाऱ्या दांड्याने मिळत असल्याने त्याची जागा तो दांडा ठरवत असे. बंपरला उरलेल्या जागेत सामावून घ्यावे लागे. १९४८ मध्ये ॲमस्टरडॅमच्या प्रदर्शनात अवतरलेल्या लँड रोव्हरलाही सुरुवातीच्या काळात इंजिनावर चालणारे उभ्या पिंपाचे कॅपस्टन विंच मिळत असे. विजेवर चालणाऱ्या विंचने हे बंधन तोडले. वॉर्न या अमेरिकी कंपनीने हौशी वापरासाठीचे विद्युत विंच १९५९ मध्ये बाजारात आणले आणि १९७४ मध्ये तिचे ८२७४ हे पुढे दीर्घकाळ टिकलेले मॉडेल आले. बॅटरीपासून दोन जाड वायरी ओढल्या की झाले, मग विंच कोठेही बसू शकते. माझ्या मते बेतून घडवलेल्या बंपरचा खरा जन्म येथे झाला. कारण विंच कोठे ठेवायचे हा प्रश्न वाहनाच्या अभियंत्याच्या हातून सुटून वेल्डिंग करणाऱ्याच्या हातात आला आणि बंपर हीच विंचची बैठक झाली.

तिसरा धागा ऑस्ट्रेलियाचा. तेथे रात्री रस्त्यावर येणारे कांगारू आणि मोकाट गुरे ही नित्याची बाब आहे, आणि एका धडकेत रेडिएटर फुटला तर पुढचे गॅरेज शेकडो किलोमीटर दूर असू शकते. म्हणून गाडीच्या नाकापुढे बसणाऱ्या भक्कम धातूच्या चौकटी, म्हणजे बुलबार आले. त्यांतले बरेच कच्चे होते, आणि त्या कच्चेपणाला कंटाळलेल्या अँथनी रोनाल्ड ब्राउन यांनी मेलबर्नमध्ये १९७५ साली स्वतः बुलबार बनवण्यास सुरुवात केली. त्यांच्या आद्याक्षरांवरून एआरबी ही कंपनी उभी राहिली. १९७८ च्या डिसेंबरमध्ये सुरू झालेली पॅरिस-डाकार शर्यत आणि १९८० पासूनची कॅमल ट्रॉफी ही दुर्गम मुलखातील वाहन-स्पर्धा यांनी सामानाने लादलेल्या, चिखलाने माखलेल्या वाहनांची प्रतिमा जगभर पोहोचवली. तिच्याबरोबर कधीही डांबरी रस्ता न सोडणाऱ्या गाड्यांवर चकचकीत नळ्यांचे बुलबार मिरवण्याची हौसही पसरली, आणि कायद्याचे लक्ष वेधले गेले ते मुख्यतः या हौशीमुळे.

युरोपीय संघाच्या २००५/६६ या निर्देशाने अशा पुढील संरक्षक चौकटींना पादचाऱ्यांच्या सुरक्षेच्या चाचण्या लागू केल्या. तो मोटारी आणि हलक्या वाहनांपुरता, म्हणजे ३.५ टनांपर्यंत होता. जड ट्रकची अडचण वेगळी होती. समोरून आलेली मोटार उंच ट्रकच्या खाली घुसू नये म्हणून २०००/४० या निर्देशानुसार जड ट्रकच्या पुढे खालपर्यंत येणारे संरक्षण अनिवार्य झाले. मात्र चढावर नाक न टेकता जाणे ही ऑफ-रोड वाहनाची पहिली अट असते आणि त्यासाठी चाकापुढचा भाग वर उचललेला असावा लागतो, म्हणून ऑफ-रोड वर्गातील ट्रकना या तरतुदीतून वगळण्यात आले. मोहिमेच्या ट्रकचा तिरकस कापलेला, उंच बंपर युरोपात कायद्याच्या याच फटीतून रस्त्यावर येतो.

ट्रक कोणते, यावरही बंपरची घडण अवलंबून राहिली. जर्मन सैन्यातून बाहेर पडलेले युनिमॉग आणि १९७६ पासून सेवेत आलेले मान कॅट-१, अमेरिकी सैन्याचे ऑस्ट्रियन श्टायर १२एम१८ वरून विकसित केलेले एफएमटीव्ही, आणि नागरी बाजारातील फुसो एफजी किंवा इसुझू एनपीएस हे मोहिमांसाठी पसंत केले जाणारे काही पाये. लष्करी ट्रकला कारखान्यातूनच भक्कम बंपर आणि ओढण्याचे हुक मिळतात. जपानी ट्रकच्या बाबतीत तसे नसते. त्यांच्या बंपरमध्ये पुष्कळदा हेडलाइटच बसवलेले असतात, त्यामुळे बंपर बदलायचा म्हणजे दिव्यांची जागा, उंची आणि वायरिंग नव्याने मांडणे आले. शिवाय केबिन इंजिनावर असते आणि दुरुस्तीसाठी पुढे कलते. वर चढणारा बुलबार तिच्या वाटेत आला तर रोजचे तेल तपासणेही अवघड होते, म्हणून वरची चौकट बिजागरीने खाली पडणारी करतात किंवा टाळतात.

मोटारीच्या मोजमापांची सवय ट्रकवर आणल्यास चुका होतात, त्या बहुधा वजनाच्या आणि जोराच्या हिशेबात. विंच वाहनाच्या भरलेल्या वजनाच्या दीडपट ओढणारे असावे असा रूढ ठोकताळा आहे, ७.५ टनांच्या ट्रकला तो ११ टनांपलीकडे नेतो, जेथे नेहमीची विद्युत विंच अपुरी पडतात आणि हायड्रॉलिक विंच किंवा जोर दुप्पट करणारी कप्पी लागते. हा सगळा ताण बंपरच्या पत्र्यातून नव्हे तर चॅसिसच्या दांड्यांतून जायला हवा, म्हणून शॅकल (ओढण्याचा दोर जोडण्याची पोलादी कडी) अडकवण्याच्या जाड पाट्या बंपरच्या तोंडावर चिकटवत नाहीत, तर आरपार नेऊन थेट चॅसिसला बोल्ट करतात. वजनाचे गणितही फसवे असते. १५० किलोचा बंपर व विंच पुढच्या ॲक्सलच्या १ मीटर पुढे असेल आणि दोन ॲक्सलमधील अंतर ४ मीटर असेल, तर पुढच्या ॲक्सलवर सुमारे १८८ किलो भार वाढतो आणि मागचा ३८ किलोने हलका होतो. केबिन पुढे असलेल्या ट्रकचा पुढचा ॲक्सल आधीच मर्यादेजवळ असतो.

साधने स्वस्त झाल्यावर हे काम कारखान्याबाहेर पसरले. १९५० च्या दशकात आलेले प्लाझ्मा कटिंग (अतितप्त वायूच्या झोताने धातू कापणे) संगणकाच्या नियंत्रणाखाली आले, आणि पुठ्ठ्याच्या साच्यावरून काढलेले माप लहान कार्यशाळेतही अचूक कापून, वाकवून मिळू लागले. मागच्या बंपरवर याचा सर्वाधिक परिणाम दिसतो. तेथे फिरत्या दांड्यावर अवजड सुटे चाक, हाताने चढवता येत नसल्याने ते उतरवणारी छोटी विंच, पायरी आणि उंच जॅकसाठी खाचा हे सारे एका चौकटीत येते. ट्रकची चॅसिस खडबडीत जमिनीवर पिळवटते, म्हणून हा बंपर मागच्या घरवजा खोलीला जोडला तर पीळ खोलीच्या भिंतींत उतरतो. तो फक्त चॅसिसलाच जोडला जातो.

अलीकडची अडचण मात्र पोलादाची नाही. युरोपात नोव्हेंबर २०१५ पासून बहुतेक नव्या जड ट्रकना आपत्कालीन स्वयंचलित ब्रेक अनिवार्य झाले, आणि त्यांचा रडार बहुधा बंपरच्याच उंचीवर असतो. पोलादी पत्रा रडारच्या लहरी अडवतो, म्हणून नव्या ट्रकवर बंपर घडवताना रडारसाठी मोकळी खिडकी ठेवावी लागते किंवा तो हलवून पुन्हा जुळवून घ्यावा लागतो. अनेक बांधणारे जुना, रडार नसलेला ट्रक शोधतात त्याचे हे एक साधे कारण आहे.