शाळेतलं मोफत जेवण: नाशिक जिल्ह्यात कोणाला मिळतं, कागद कोणते लागतात

उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, रेशनकार्ड यातलं काहीही शाळेतल्या जेवणासाठी लागत नाही. शालेय पोषण आहाराला (२०२१ पासून नाव ‘पीएम पोषण’) वेगळा अर्जच नाही. त्यामुळे सेतू केंद्रात रांग लावू नका आणि फॉर्म भरून देतो म्हणून कोणी पैसे मागितले तर देऊ नका.

इथे घरची गरिबी कोणी तपासत नाही, शाळा कोणती ते बघतात. जिल्हा परिषदेची, महापालिका-नगरपालिकेची किंवा खासगी अनुदानित शाळा असली, की पहिली ते आठवीच्या हजर असलेल्या प्रत्येक मुलाला शिजवलेलं जेवण फुकट. आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) २५ टक्के राखीव जागांतून विनाअनुदानित शाळेत गेलेल्या मुलाला मात्र ते नाही. तिथे फी वाचते, पण डबा रोज घरूनच द्यावा लागतो. इंग्रजी शाळेच्या ओढीत हा हिशेब बरेच पालक करत नाहीत. आश्रमशाळेतल्या निवासी मुलांची सोय आदिवासी विकास विभाग वेगळी करतो.

कागद लागतात ते प्रवेशाला. जन्मदाखला द्या. नसेल तर दवाखान्यातली किंवा अंगणवाडीतली नोंद चालते, तीही नसेल तर वयाबद्दल पालकांनी लिहून दिलेलं चालतं. वयाचा पुरावा नाही म्हणून शाळेला प्रवेश नाकारता येत नाही. शिक्षण हक्क कायद्याचं कलम १४ तसं सांगतं. ऑनलाइन नोंदीसाठी आधार मागतात. असेल तर द्या, नसेल तर तेवढ्यासाठी मुलाचं जेवण अडवता येत नाही.

बरीच मुलं या जेवणातून सुटतात ती द्राक्षांच्या हंगामात. सुरगाणा, पेठकडची कुटुंबं दिंडोरी-निफाडच्या बागांवर कामाला येतात, मुलंही सोबत येतात. नाव गावच्या पटावर आणि मूल बागेत, म्हणजे जेवण दोन्हीकडचं बुडालं. गाव सोडण्याआधी मुख्याध्यापकांकडून ‘शिक्षण हमी पत्रक’ (कामासाठी गाव सोडणाऱ्या मुलाला दुसऱ्या शाळेत बसता यावं म्हणून शाळा देते तो कागद) मागून घ्या आणि बागेजवळच्या शाळेत दाखवा. ते राहून गेलं असेल तरी मुलाला घेऊन थेट शाळेत जा. जुन्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला म्हणून नव्या शाळेला प्रवेश लांबवता येत नाही (शिक्षण हक्क कायद्याचं कलम ५). हे काम बागायतदार किंवा मुकादम करेल म्हणून थांबू नका.

ताटात किती, तेही ठरलेलं आहे. पहिली ते पाचवीला दर मुलामागे १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी; सहावी ते आठवीला १५०, ३० आणि ७५ ग्रॅम. ही वजनं कच्च्या मालाची आहेत. वाढण्याआधी शिक्षकांसह दोन-तीन मोठ्या माणसांनी चव घ्यायची असते. पालकांनीही अधूनमधून जाऊन बघावं, त्यात संकोच कसला?

तांदूळ संपला, गॅस नाही, स्वयंपाकीण आली नाही, अशा कारणाने जेवण झालं नाही, तर मध्यान्ह भोजनाच्या २०१५ च्या केंद्रीय नियमांनुसार मुलाला अन्नसुरक्षा भत्ता म्हणून धान्य आणि पैसे पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत मिळायला हवेत. आधी मुख्याध्यापकांना आणि शाळा व्यवस्थापन समितीला सांगा. समितीत तीन-चतुर्थांश पालकच असतात. तिथे भागलं नाही तर पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे, मग जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार द्या. महापालिकेच्या शाळेसाठी महापालिकेचा शिक्षण विभाग. पोच घ्या आणि जेवण न मिळालेल्या तारखा नेमक्या लिहा, कारण सलग तीन शालेय दिवस किंवा महिन्यात पाच दिवस जेवण बंद राहिलं, तर जबाबदारी कोणाची हे ठरवून कारवाई करणं राज्य सरकारला भाग आहे.