बटाट्याचे सॅलड, जर्मन

(कार्टोफेलझालाट). उकडलेल्या बटाट्याच्या चकत्या गरम असतानाच त्यांत मांसाचा स्टॉक, व्हिनेगर व कांदा मुरवून केलेला, कोमट वाढला जाणारा दक्षिण जर्मनीतील पदार्थ. श्वाबेन, बव्हेरिया व फ्रांकोनिया हे त्याचे मुख्य प्रदेश. व्हिएन्नात त्याला ‘एर्डॅप्फेलझालाट’ म्हणतात. उत्तर जर्मनीत याच नावाने मेयॉनेज, उकडलेली अंडी व आंबवलेल्या काकड्या घातलेले थंड सॅलड मिळते. त्यामुळे ‘जर्मन सॅलड म्हणजे गरम सॅलड’ ही जर्मनीबाहेरची समजूत अर्धीच खरी आहे.

उगमाबद्दल ठाम विधान करणे कठीण. बटाटा दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतप्रदेशातून सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात यूरोपात आला. वनस्पतिशास्त्रज्ञ क्लूसियस यांना त्याचे कंद 1588 मध्ये व्हिएन्नात मिळाले. स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ कास्पार बाउहीन यांनी 1596 मध्ये बटाट्याला ‘सोलॅनम ट्यूबरोझम’ हे शास्त्रीय नाव दिले. तेल व व्हिनेगर लावून बटाटा खाण्याचा एक जुना छापील उल्लेख जर्मन नसून इंग्रजी आहे : जॉन जेरार्ड यांच्या 1597 च्या वनस्पतिग्रंथात हा कंद निखाऱ्यात भाजून, किंवा उकडून तेल, व्हिनेगर व मिरीबरोबर खावा असे म्हटले आहे. (तो व्हर्जिनियाचा असल्याचे जेरार्ड सांगतात, ती त्यांची चूक.) जर्मन भाषक प्रदेशापुरते पाहिल्यास ऑस्ट्रियातील झाइटनष्टेटन मठाचे अधिपती कास्पार प्लाउट्स यांच्या लिंत्स येथे 1621 मध्ये छापलेल्या लॅटिन ग्रंथातील पाककृतीकडे बोट दाखवले जाते. मात्र त्या काळी बटाटा, रताळे व इतर नवखंडीय कंद यांच्या नावांचा घोळ होता, हे ध्यानात ठेवून अशा उल्लेखांचा अर्थ लावावा लागतो. शिवाय ही मठांतली व विद्वानांच्या बागांतली नवलाई होती. शेतातले पीक म्हणून बटाटा फ्रांकोनियातील पिलग्राम्सरॉइट येथे साधारण 1647 पासून दिसतो. प्रशियाचा राजा दुसरा फ्रीड्रिख याने लागवडीचा प्रसिद्ध हुकूम 24 मार्च 1756 रोजी काढला, पण सामान्य माणसाच्या ताटात बटाटा स्थिरावला तो 1770–72 च्या दुष्काळानंतर. म्हणून 1621 ची पाककृती पूर्वज म्हणून मान्य केली, तरी आजचे सॅलड अठराव्या शतकाच्या अखेरीपलीकडे नेऊ नये, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

नावांचा घोळ शब्दांतही उरला आहे. ‘कार्टोफेल’ हा ‘टार्टुफेल’चा अपभ्रंश. त्याचे मूळ ट्रफल या भूछत्राच्या इटालियन नावात आहे, कारण दोन्ही जमिनीखालून निघतात. ‘एर्डॅप्फेल’ म्हणजे जमिनीतले सफरचंद. मराठी ‘बटाटा’ पोर्तुगीज ‘बटाटा’वरून आला, आणि तो शब्द मुळात कॅरिबियन बेटांवरील रताळ्याचा. मराठीत रताळ्याला स्वतःचे नाव आधीपासून होते, म्हणून इथे घोटाळा झाला नाही.

कृतीचे मर्म तापमानात आहे. जर्मन बाजारात बटाटे शिजण्याच्या गुणानुसार तीन वर्गांत विकले जातात. सॅलडसाठी न फुटणारा, चिकट गराचा ‘फेस्टकोखेंड’ वर्गच घेतात : झीगलिंडे, लिंडा, किंवा फ्रांकोनियातील बोटासारखा वाकडा ‘बांबेर्गर ह्योर्नला’. वड्याच्या सारणाला उत्तम असा पिठूळ बटाटा इथे निरुपयोगी, त्याचा लगदा होतो. बटाटे सालीसकट उकडतात, काट्यावर टोचून धरून हाताला चटके बसत असतानाच सोलतात व पातळ चकत्या करतात. एक किलोस सुमारे पाव लिटर कढत स्टॉक लागतो. हा आपल्याकडील मटणाच्या अळणीच्या जातीचा, हळद नसलेला. त्यातच बारीक चिरलेला कांदा, चार-पाच चमचे व्हिनेगर, मोहरीची पेस्ट, मीठ व मिरी. गरम चकती हे पाणी पिते. गार झाल्यावर स्टार्च पुन्हा घट्ट बांधला जातो व रस वरवरच राहतो. उकडतानाच पाण्यात व्हिनेगर घालणे चूक, कारण आम्लामुळे बटाटा कडक राहतो. तेल अगदी शेवटी, वीस-तीस मिनिटे मुरल्यावर. आधी घातल्यास चकत्यांवर त्याचा थर बसून स्टॉक आत शिरत नाही. हा क्रम मोडलेला श्वाबेनच्या गृहिणीला चमच्यानेच कळतो : तिथे सॅलड ‘श्लोत्सिग’, म्हणजे ओलसर-बुळबुळीत असावे लागते, आणि ढवळताना त्याने मचमच आवाज करावा (‘श्माट्सेन’) अशी अपेक्षा असते. आवाज आला नाही तर आणखी थोडा स्टॉक.

बव्हेरिया व फ्रांकोनियात खारवलेल्या डुकराच्या चरबीयुक्त मांसाचे (‘श्पेक’) तुकडे परतून सुटलेल्या चरबीसकट ओततात. हा प्रकार मात्र गरमच खावा लागतो. गार झाला की चरबी थिजते व टाळूला चिकटते. काकडीच्या पातळ चकत्या घालण्याची चालही आहे, पण त्या वाढण्यापूर्वीच घालाव्यात, नाहीतर पाणी सुटते.

मुख्य बटाटा पीक सप्टेंबर-ऑक्टोबरात निघते, म्हणून शरदातील मेळाव्यांशी या पदार्थाचे नाते. शाळांच्या शरदातील सुट्टीला पूर्वी ‘कार्टोफेलफेरियन’ म्हणत, कारण मुले शेतात बटाटे वेचायला लागत. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी चर्चमध्ये सुगीचा सण, त्याच सुमारास द्राक्षमळेवाल्यांची दारावर झाडू टांगलेली तात्पुरती मद्यगृहे. ष्टुटगार्टजवळचा कान्श्टाट मेळाही याच ऋतूतला. 1816 च्या उन्हाळ्याविना गेलेल्या वर्षाच्या उपासमारीनंतर व्युर्टेंबर्गचा राजा पहिला व्हिल्हेल्म याने तो 1818 मध्ये सुरू केला. मोठ्या पंगतीसाठी तोंडीलावणे म्हणून माणशी दोनशे ते अडीचशे ग्रॅम बटाटा धरतात. भांडे कोमट पाण्यात झाकून ठेवतात, पुन्हा विस्तवावर चढवत नाहीत. सोबत श्वाबेनमध्ये ‘माउलटाशेन’ (सारण भरलेले पिठाचे चौकोन), बव्हेरियात ‘लेबरकेझ’ (बारीक वाटलेल्या मांसाचा भाजलेला लांबट ठोकळा, चकत्या करून वाढतात), व्हिएन्नात श्निट्सेल (पावाचा चुरा लावून तळलेला मांसाचा पातळ काप). नाताळच्या आदल्या रात्री सॉसेज व बटाटा सॅलड हा बेत देशभर, उत्तरेतही, आढळतो.

एकोणिसाव्या शतकातील स्थलांतरितांबरोबर हा पदार्थ अमेरिकेत गेला. तिथे बेकन, साखर व पिठाने दाट केलेल्या आंबट-गोड रसाचे रूप रूढ झाले. श्वाबेनमधून आलेल्याला ते ओळखू येईलच असे नाही.