खेळाचे संग्रहालय उभारण्याआधी
क्लब, क्रीडा संघटना, शाळा आणि खेळाडूंच्या कुटुंबीयांसाठी माहितीपत्रक

लंडनमधल्या लॉर्ड्स मैदानावर एमसीसीचे, म्हणजे मेरिलबोन क्रिकेट क्लबचे, संग्रहालय आहे. तिथे एका चेंडूसोबत पेंढा भरलेली चिमणी मांडून ठेवली आहे. जुलै १९३६ मध्ये केंब्रिज विद्यापीठाकडून गोलंदाजी करताना जहांगीर खान यांचा चेंडू लागून ती मेली. समोर फलंदाज होते टॉम पिअर्स. हेच जहांगीर खान १९३२ साली याच मैदानावर भारताची पहिली कसोटी खेळले होते. सामना, गोलंदाज, फलंदाज यांची नोंद राहिली, म्हणून आज लोक त्या चिमणीपुढे थांबतात. ती नोंद नसती, तर कुणी तिच्याकडे ढुंकूनही पाहिले नसते.

आम्ही खेळांची संग्रहालये उभारायला मदत करतो. आमच्याकडे येणारे बहुतेक ग्राहक आधी काचेच्या कपाटांबद्दल विचारतात. आम्ही आधी नोंदवही मागतो. वस्तू कुणाची, कोणत्या सामन्यात वापरली, कुणाकडून कुणाकडे आली आणि हे सांगणारा कोण, एवढे प्रत्येक वस्तूसाठी लिहून काढा. जुनी छायाचित्रे ज्येष्ठ खेळाडूंना दाखवून त्यातली नावे आजच लिहून घ्या; कपाटे नंतरही करता येतील. नावे लिहायची ती मऊ पेन्सिलने, छायाचित्राच्या मागे, कडेला.

ऐकीव गोष्ट मात्र ऐकीव म्हणूनच लिहा. अमेरिकेतल्या कूपर्सटाउन गावी १८३९ मध्ये ॲबनर डबलडे यांनी बेसबॉल शोधून काढला, असा निष्कर्ष १९०७ च्या अखेरीस एका समितीने काढला आणि बेसबॉलचे हॉल ऑफ फेम, म्हणजे थोर खेळाडूंचा मान करणारे संग्रहालय, त्याच गावात १९३९ साली उघडले. पुढे इतिहासकारांनी ती कथा खोडून काढली. डबलडे त्या वर्षी वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत शिकत होते. संग्रहालय नावारूपाला आले ते खऱ्या वस्तूंच्या आणि खऱ्या खेळाडूंच्या जोरावर. तुमच्या फलकावर ‘असे सांगितले जाते’ हे तीन शब्द लिहायला संकोच करू नका.

मानाच्या भिंतीवर कुणाला जागा द्यायची, यावरून वाद होतातच. त्यावर आमचा सल्ला एकच: आधी नियम, मग नावे. बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये पत्रकारांच्या मतदानातून जायचे, तर किमान दहा हंगाम खेळलेले असावे लागते, निवृत्तीला पाच वर्षे व्हावी लागतात आणि ७५ टक्के मते लागतात. १९३६ च्या पहिल्या निवडीत फक्त पाच जण आले. बेब रूथ त्यातलेच. तुमचे निकष वेगळे असतील, असू देत. पण ते लेखी असावेत आणि ओळखीपाळखीने बदलू नयेत. प्रशिक्षक, पंच आणि मैदान राखणारे यांच्यासाठीही त्यात जागा ठेवा, हा आमचा आग्रह आहे. त्यांच्याशिवाय कुठल्याच खेळाचा इतिहास पुरा होत नाही.

आता वस्तू जपण्याबद्दल. सर्वाधिक नुकसान उजेडामुळे होते. जर्सी, टोप्या आणि सह्या केलेले कागद यांच्यावरचा प्रकाश ५० लक्सच्या (लक्स हे उजेड मोजायचे एकक) आसपासच हवा आणि खिडकीतले ऊन तर अजिबात नको. उडालेला रंग परत आणता येत नाही. म्हणून अशा वस्तू काही महिने मांडून मग अंधाऱ्या कपाटात विश्रांतीला ठेवाव्यात. जर्सी हँगरला लटकवू नका, खांद्यांवर ताण येतो. आम्लमुक्त कागद घालून आडवी ठेवा. सही केलेल्या कागदाला लॅमिनेशन नको.

चांदीचे चषक समारंभाआधी घासून लखलखीत करण्याची पद्धत आहे, तीही सोडा. प्रत्येक घासणीत चांदीचा अगदी पातळ थर निघतो. वर्षानुवर्षे घासलेल्या चषकावर विजेत्यांची कोरलेली नावे बोटाला जेमतेम लागतात, आणि ज्या नावांसाठी चषक जपायचा तीच पुसट होतात. तो नायट्राइलचे (कृत्रिम रबराचे) हातमोजे घालून हाताळा आणि मऊ कोरड्या कापडाने हलकेच पुसा. जुन्या बुटांचे पॉलियुरेथेन या प्लॅस्टिकचे तळवे डब्यात ठेवूनही हवेतल्या ओलाव्याने भुगा होतात. तो ऱ्हास आम्ही लांबवू शकतो, थांबवू शकत नाही.

पहिल्या भेटीला येताना वस्तू आणू नका. प्रवासात त्यांना धोका असतो. छायाचित्रे, कच्ची यादी आणि खोलीचा आराखडा पुरेसा आहे. खिडक्या कोणत्या दिशेला आहेत आणि भिंतीला ओल येते का, तेही लिहून आणा. नोंदी अपुऱ्या असतील तर मांडणी ठरवण्याआधी आम्ही ज्येष्ठ खेळाडूंच्या मुलाखती घेतो आणि ध्वनिमुद्रणाची एक प्रत त्यांच्या घरीही देतो.